इंग्रजी अभिजात कादंबऱ्या : कोणत्या वाचाव्यात आणि का?

इंग्रजी भाषेतील अभिजात म्हणून गणल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी नेमक्या कोणत्या वाचाव्यात, हा प्रश्न शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसास वारंवार ऐकावा लागतो. विद्यार्थी तो विचारतात, पालक विचारतात आणि नव्याने रुजू झालेले शिक्षकही विचारतात. बहुतेकांची अपेक्षा अशी असते की, आम्ही दहा-बारा नावांची एक यादी लिहून द्यावी आणि प्रश्न मिटावा. परंतु यादी देणे जितके सोपे, तितके तिचे समर्थन करणे सोपे नाही. अमुक कादंबरी थोर का, असे उलट कोणी विचारले, तर ‘ती थोर मानली जाते म्हणून’ याहून वेगळे उत्तर आपणांपैकी किती जणांपाशी असेल?

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी जपून राहणाऱ्या आपल्यासारख्यांस हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. बेळगावचा मुलगा मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांचा भार वाहतो. हैदराबादच्या मुलास कन्नडच्या जागी तेलुगू येते. बडोद्यास गुजराती असते. त्याच्या वाचनाचे तास मोजके असतात. जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ ही एकच कादंबरी सुमारे तीन लाख शब्दांची आहे. परभाषेतून ती नीट वाचणाऱ्याचे दोन-तीन महिन्यांचे रिकामे तास तिच्यात सहज जातात, आणि तेवढ्या अवधीत हरिभाऊ आपट्यांच्या दोन-तीन मोठ्या कादंबऱ्या त्याच्या वाचून झाल्या असत्या. इंग्रजी कादंबरीस दिलेला तास पुष्कळदा मराठी ग्रंथाच्या वाट्याचा असतो. तो देऊच नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु तो कोणास द्यावा, हे दुसऱ्याच्या यादीवर सोडून चालणार नाही.

सामान्यतः आपला समज असा असतो की, काळाची चाळणी निःपक्षपाती असते. तिच्यातून जे खाली गळले ते हिणकस आणि जे वर राहिले ते अस्सल. इंग्रजी कादंबरीचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला, तर असे दिसते की ही चाळणी धरणारे हात पुष्कळ होते आणि ते सर्वच वाङ्मयाच्या प्रेमाने प्रेरित झालेले नव्हते. त्यांत पुस्तकविक्रेते होते, वर्गणी घेऊन पुस्तके फिरविणारी ग्रंथालये होती, मासिकांचे संपादक होते आणि अखेरीस विद्यापीठांच्या अभ्यासमंडळ्या होत्या. हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे निवडीची एक कसोटी आपोआप हाती येते, असे आम्हांस वाटते.

डॅनियल डीफोने ‘रॉबिन्सन क्रूसो’ सन १७१९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तो साठीच्या घरात आला होता आणि आपण कादंबरी नावाचा वाङ्मयप्रकार स्थापीत आहोत, असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. पुस्तकावर त्याचे नाव नव्हते. ही कहाणी क्रूसोने स्वतःच लिहिली आहे, असे मुखपृष्ठावर छापले होते. काही महिन्यांतच तिच्या आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या. पुढे १७४० मध्ये सॅम्युएल रिचर्डसन या मुद्रकाने ‘पामेला’ लिहिली. तिच्यातील ठोकळेबाज नीतीची टर उडविण्यासाठी हेन्री फील्डिंग पुढे सरसावला आणि त्यातून १७४२ ची ‘जोसेफ अँड्र्यूज’ व १७४९ ची ‘टॉम जोन्स’ या कादंबऱ्या जन्मास आल्या. या काळात कादंबरीस प्रतिष्ठा अशी नव्हतीच. ती रिकामटेकड्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, करमणुकीची वस्तू समजली जाई. या लेखकांस कोणताही साचा पाळावयाचा नव्हता, कारण साचा अजून पडलाच नव्हता. त्यांच्या लेखनातील मोकळेपणा व पसारा ही दोन्ही त्याचीच फळे होत.

साचा पडला तो वॉल्टर स्कॉटच्या अफाट लोकप्रियतेमुळे. कवी म्हणून नावारूपास आलेल्या स्कॉटने १८१४ साली ‘वेव्हर्ली’ निनावी छापली आणि पुढे बारा-तेरा वर्षे आपले कर्तृत्व उघडपणे कबूल केले नाही. त्याच्या कादंबऱ्यांवर वाचकांची झुंबड उडाली. १८२१ साली त्याची ‘केनिलवर्थ’ तीन खंडांत, साडेएकतीस शिलिंग किंमतीस विकली गेली आणि तीन खंडांची दीड गिनी हा दर त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे इंग्रजी कादंबरीच्या मानगुटीवर बसला. ही किंमत एखाद्या मजुराच्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीइतकी होती. इतके महाग पुस्तक विकत घेणार कोण? सधन गृहस्थसुद्धा घेत नसे. तो ते वर्गणी भरून ग्रंथालयातून आणीत असे.

येथे चार्ल्स एडवर्ड म्यूडी या गृहस्थाचा प्रवेश होतो. त्याने १८४२ साली लंडनमध्ये पुस्तके फिरविण्याचा व्यवसाय सुरू केला. वर्षाला एक गिनी भरणाऱ्यास एका वेळी एक खंड मिळे. तीन खंडांची कादंबरी म्यूडीच्या फार सोयीची होती, कारण एकाच पुस्तकाचे तीन तुकडे एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे धाडता येत. प्रकाशकासही ती सोयीची होती, कारण म्यूडीने शेकडो प्रती उचलल्या की तोट्याचे भय उरत नसे. लेखकास मात्र आपली गोष्ट तीन खंड भरतील इतकी ताणावी लागे, आणि कोणत्याही कुटुंबातील मुलीने वाचली तरी वडिलांच्या कपाळावर आठी उमटणार नाही, इतकी सोवळी ठेवावी लागे. व्हिक्टोरियन कादंबरीतील लांबण, उपकथानकांची गर्दी, योगायोगांची रेलचेल आणि अखेरचे विवाह यांमागे लेखकाच्या प्रतिभेइतकाच म्यूडीच्या फडताळांचाही हात आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितले जात नाही.

या साच्यातून जो पहिला निसटला तो चार्ल्स डिकन्स. १८३६ च्या वसंतात ‘पिकविक पेपर्स’ दरमहा एक शिलिंगास एक भाग अशी निघू लागली. आरंभीचे भाग शेकड्यांच्या हिशेबाने खपले. चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर अवतरला आणि अखेरच्या भागांचा खप चाळीस हजारांच्या घरात गेला. दीड गिनी एकदम न देऊ शकणारा कारकून आणि दुकानदार महिन्याला एक शिलिंग देऊ शकत होता. अशा रीतीने कादंबरी ग्रंथालयाच्या फडताळावरून रस्त्यावर आली. परंतु याही पद्धतीने आपले देणे वसूल केलेच. प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकास पुढील महिन्यापर्यंत टांगून ठेवावे लागे. मागील भाग छापून गेलेला असल्याने चूक दुरुस्त करता येत नसे. आणि खप उतरला तर कथेस वळण द्यावे लागे.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा जन्म या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १८६० साली डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात चार्ल्स लीव्हर या त्या काळच्या नामांकित लेखकाची कादंबरी चालू होती. वाचकांस ती रुचेना आणि खप घसरू लागला. तेव्हा पत्र सावरण्यासाठी डिकन्सने मनात घोळत असलेली नवी कथा साप्ताहिक भागांत बसवून घेतली व डिसेंबर १८६० पासून ती छापावयास प्रारंभ केला. आठवड्याच्या भागास जागा थोडी. म्हणून पसारा गेला, पाल्हाळ गेला आणि डिकन्सची सर्वांत बांधेसूद कादंबरी तयार झाली. शेवट मात्र त्याने आपला मित्र बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून बदलला. मूळच्या शेवटात पिप आणि एस्टेला यांची क्षणभर भेट होऊन ती कायमची दुरावतात. छापील शेवटात मीलनाची आशा ठेवली आहे. मूळ शेवट डिकन्सच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून लोकांस कळला. आज लीव्हरचे नाव केवळ अभ्यासकांस ठाऊक आहे, आणि सल्ला देणारा बुल्वर-लिटन, ज्याची ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’ ही १८३४ ची कादंबरी एके काळी घरोघरी होती, तोही जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. आपल्या हयातीत हे दोघेही मोठे लेखक गणले जात. यावरून समकालीन कीर्तीचे मोल वाचकांनी ठरवावे.

याच्या उलट उदाहरण जेन ऑस्टिनचे. तिने एक कादंबरी १८०३ साली दहा पौंडांस विकली. प्रकाशकाने ती छापलीच नाही आणि तेरा वर्षांनी तेवढीच रक्कम देऊन ती परत घ्यावी लागली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने एकशे दहा पौंडांस दिले, १८१३ साली ते पुस्तक निघाले तेव्हा त्यावर तिचे नाव नव्हते. ‘एमा’च्या दोन हजार प्रती छापल्या होत्या, चार वर्षांनीही त्यांतील पाचशेंवर पडून राहिल्या व अखेर पडेल किंमतीस काढून टाकाव्या लागल्या. १८१७ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ती वारली. स्कॉटसारख्या जाणत्याने तिची थोरवी तेव्हाच ओळखली होती. परंतु सर्वसामान्य वाचकवर्ग तिच्याकडे वळला तो १८७० च्या सुमारास तिच्या पुतण्याने लिहिलेले चरित्र निघाल्यावर, आणि काटेकोरपणे संपादित केलेली तिची आवृत्ती निघावयास १९२३ साल उजाडले. आज स्कॉट आणि ऑस्टिन यांच्या जागा पुरत्या बदलल्या आहेत. स्कॉटचे संच ग्रंथालयांत धूळ खात पडतात आणि ऑस्टिनची सहाही पुस्तके जगभर वाचली जातात. काळाची चाळणी म्हणतात ती हीच असेल, तर तिला निवाडा करावयास पन्नास ते शंभर वर्षे लागली, आणि मधल्या काळात तिने स्कॉटच्या बाजूने कौल दिला होता, हे विसरता येत नाही.

साच्याचा जाच किती विचित्र असे, याचा नमुना एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये दिसतो. डिसेंबर १८४७ मध्ये ती निघाली ती तीन खंडांच्या संचातील पहिले दोन खंड म्हणून. तिसरा खंड भरण्यासाठी धाकटी बहीण ॲन हिची ‘ॲग्नेस ग्रे’ ही निराळीच कादंबरी जोडली होती. वर छपाईच्या खर्चापोटी प्रकाशकाने दोघी बहिणींकडूनच पन्नास पौंड आगाऊ घेतले होते. त्याच वर्षी निघालेली थोरली बहीण शार्लट हिची ‘जेन एअर’ हातोहात खपली. ‘वदरिंग हाइट्स’ने मात्र समीक्षक गोंधळले, काही जण संतापले. एक वर्ष पुरते होते न होते तोच एमिली क्षयाने गेली. आपल्या पुस्तकास लोक पुढे काय मानणार आहेत, याची तिला कल्पनाही आली नसेल.

जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्सने साचा उघडपणे मोडला. ‘मिडलमार्च’चे कथानक तीन खंडांत मावेना, तेव्हा तिचा सहचर जॉर्ज हेन्री ल्यूइस याने प्रकाशकास तोड सुचविली, आणि डिसेंबर १८७१ पासून वर्षभरात ती प्रत्येकी पाच शिलिंगांच्या आठ भागांत निघाली. डोरोथिया ब्रूक ही ध्येयवेडी तरुणी आणि लिडगेट हा महत्त्वाकांक्षी डॉक्टर यांच्या कथा मुळात वेगवेगळ्या लिहावयास घेतल्या होत्या. त्या एकत्र आणून तिने १८३२ च्या मताधिकार-सुधारणेपूर्वीचे एक संपूर्ण गाव उभे केले. येथे विवाह हा कथेचा शेवट होत नाही. खरी कथा विवाहानंतरच सुरू होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचलेल्या मराठी वाचकास याचे महत्त्व निराळे समजावून सांगावयास नको.

साच्याचा शेवट झाला तोही एका अर्थी व्यापारी कारणानेच. १८९४ साली म्यूडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन बलाढ्य ग्रंथालयांनी तीन खंडांस यापुढे पूर्वीचा भाव देणार नाही असे प्रकाशकांस कळविले, आणि थोड्याच वर्षांत तीन खंडांची कादंबरी नामशेष झाली. सोवळेपणाचा जाच मात्र सरला नव्हता. टॉमस हार्डीची ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ ही १८९१ साली ‘द ग्राफिक’ या सचित्र साप्ताहिकात आली, ती अनेक प्रसंग गाळून. पाण्याने भरलेल्या वाटेतून नायक चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, हा निरुपद्रवी प्रसंगही संपादकास खपला नाही. त्यांना ढकलगाडीत बसवून न्यावे लागले! पुस्तक निघाले तेव्हा हार्डीने मूळ मजकूर पुन्हा घातला. १८९५ च्या ‘जूड द ऑब्स्क्युअर’ने तर कहर झाला. वेकफील्डच्या बिशपांनी आपण ते पुस्तक अग्नीत टाकल्याचे जाहीर केले आणि त्यांच्या खटपटीने एका मोठ्या ग्रंथालयातून ते काढले गेले. हार्डी त्यानंतर आणखी सुमारे बत्तीस वर्षे जगला, परंतु पुन्हा नवी कादंबरी त्याने लिहावयास घेतली नाही. उरलेले आयुष्य त्याने कवितेस वाहिले.

या सर्व पुस्तकांस ‘अभिजात’ हा शिक्का बसला तो मुख्यतः विसाव्या शतकात. १९०१ साली ‘वर्ल्ड्‌स क्लासिक्स’ आणि १९०६ साली जे. एम. डेंट यांची एका शिलिंगाची ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ या माला निघाल्या. ज्यांचे हक्क संपले होते अशी जुनी पुस्तके त्यांत सुबक बांधणीत स्वस्त मिळू लागली. पुढे विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मय हा स्वतंत्र विषय प्रतिष्ठा पावला आणि समीक्षक यादी करू लागले. केंब्रिजच्या एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ साली ‘द ग्रेट ट्रॅडिशन’ या ग्रंथात ऑस्टिन, एलियट, हेन्री जेम्स आणि कॉनरॅड एवढीच मुख्य परंपरा मानली. डिकन्सला त्यांनी थोर करमणूककार ठरवून त्याची ‘हार्ड टाइम्स’ तेवढी अपवाद म्हणून स्वीकारली. बावीस वर्षांनी, १९७० साली, त्याच लीव्हिस यांनी पत्नीच्या सहकार्याने डिकन्सवर गौरवपर ग्रंथ लिहिला. ज्यांच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक्रम ठरले, त्यांचा शब्दही इतका फिरू शकतो.

आपल्याकडील वाचनाचा इतिहासही हेच सांगतो. मराठीत इंग्रजी कथा आली ती आरंभी धर्म आणि नीती यांच्या वाटेने : हरि केशवजींनी बनियनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली केले, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेला डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चा अनुवाद त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केला. परंतु इंग्रजी शिकलेला आपला पहिला वाचकवर्ग स्वेच्छेने जे वाचीत होता, ते वेगळेच होते. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या लेखकाच्या ‘मिस्टरीज ऑफ लंडन’सारख्या, एका पेनीस एक भाग अशा विकल्या जाणाऱ्या रहस्यकथांनी हिंदुस्थानातील वाचकांस जितके वेड लावले, तितके डिकन्सनेही लावले नाही. हरिभाऊंच्या ‘मधली स्थिति’ या पहिल्या कादंबरीमागे रेनॉल्ड्सच आहे. हैदराबादच्या निजामाच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील कादंबरीचा आधार त्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’साठी घेतला. १८८६ साली मॅकमिलन कंपनीने खास हिंदुस्थान व वसाहतींसाठी स्वस्त ‘कलोनियल लायब्ररी’ काढली, तेव्हा कोणती इंग्रजी पुस्तके आपल्या हाती पडावीत, हेही लंडनला ठरू लागले. रेनॉल्ड्स आज इंग्लंडात विस्मरणात गेला आहे. परंतु त्याच्यापासून आरंभ करून हरिभाऊ स्वतःच्या वाटेने ‘पण लक्षात कोण घेतो’पर्यंत पोहोचले. म्हणजे सामान्य पुस्तकही वाचकाच्या उपयोगी पडू शकते. मात्र पुढे जाण्याची ताकद वाचकापाशी असली पाहिजे.

आता निवडीकडे वळू. आमची कसोटी अशी आहे. प्रत्येक कादंबरी कोणत्या ना कोणत्या साच्यात घडली. तो साचा आज नाहीसा झाला आहे. म्यूडीचे ग्रंथालय १९३७ साली बंद पडले आणि शिलिंगाचे मासिक भाग कधीच संपले. ज्या पुस्तकाची गोडी त्या साच्यावरच उभी होती, ते पुस्तक साच्याबरोबर गेले. ते अभ्यासकांनी वाचावे. ज्या पुस्तकात लेखकाने साच्यास न मानवणारे काही सत्य सांगून टाकले, ते आजही आपणांशी बोलते; तेवढे आपण वाचावे.

या कसोटीवर आम्ही पहिल्याने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सांगू. ती लहान आहे, तिची भाषा स्वच्छ आहे, आणि हुंड्याच्या व स्थळे पाहण्याच्या चालीरीतींत वाढलेल्या आपल्या वाचकास तिच्यातील उपरोध इंग्रज वाचकाहूनही लवकर कळतो. दुसरी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’. गरिबीतून वर चढलेला मुलगा ज्याने आपणांस वाढविले त्याचीच लाज बाळगू लागतो, ही तिच्यातील वेदना शिकून शहरात गेलेल्या आपल्या प्रत्येक घरास ओळखीची आहे. तिसरी ‘वदरिंग हाइट्स’. तिचे निवेदन दुहेरी असल्याने आरंभी वाट चुकते, पण पहिली पन्नास पाने धीराने वाचावीत. चौथी ‘टेस’. तिला ‘एक शुद्ध स्त्री’ असे उपशीर्षक देऊन हार्डीने समाजास जो प्रश्न टाकला, त्याचे उत्तर कोणत्याही समाजाने अद्याप पुरते दिलेले नाही. पाचवी ‘मिडलमार्च’, ती मात्र तिशीनंतर वाचावी, असे आमचे मत आहे. आपल्या हातून जे घडावयाचे होते ते घडले नाही, ही जाणीव झाल्यावाचून तिचा अर्थ उलगडत नाही, आणि विशीतल्या विद्यार्थ्यावर ती लादली म्हणजे तो तिच्याविषयी कायमचा आकस धरतो.

स्कॉट वाचावयाचाच असेल, तर शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविलेली ‘आयव्हॅन्हो’ न घेता १८१८ ची ‘द हार्ट ऑफ मिडलोदियन’ घ्यावी. सावत्र बहिणीचा जीव वाचविण्यासाठीही न्यायालयात खोटे न बोलणारी आणि मग तिच्या माफीसाठी स्कॉटलंडहून लंडनपर्यंतची वाट धरणारी जीनी डीन्स ही शेतकरी मुलगी स्कॉटच्या सर्व सरदारांहून मोठी आहे. थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ हौस असणाऱ्याने अवश्य वाचावी. तिच्यातील हिंदुस्थानातून पैसा करून परतलेला जोसेफ सेडली हे कलकत्त्यास जन्मलेल्या लेखकाने काढलेले कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचे झकास व्यंगचित्र आहे. ‘पामेला’ आणि बुल्वर-लिटन यांच्याकडे मात्र, वेळ मोजका असलेल्याने, न फिरकणे बरे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही पुस्तके वाचताना आपण कोठे उभे राहून वाचतो, याचे भान ठेवावे. क्रूसोचे जहाज फुटते तेव्हा तो आफ्रिकेतून गुलाम आणावयास निघालेला असतो, आणि फ्रायडेस तो जे पहिले शब्द शिकवितो त्यांत ‘मालक’ हा एक असतो. ‘जेन एअर’मधील माळ्यावर कोंडलेली वेडी स्त्री जमेकाहून आणलेली आहे, तिची बाजू सांगण्यासाठी जीन ऱ्हीस या कॅरिबियन बेटांत जन्मलेल्या लेखिकेस १९६६ साली ‘वाइड सारगॅसो सी’ लिहावी लागली. यास्तव ही पुस्तके टाकून द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. उलट, इंग्रज वाचकाच्या नजरेतून जे निसटत होते ते आपणांस दिसते, हा आपला अधिक लाभ समजावा.

आणि म्हणूनच आमच्या निवडीतील सहावे पुस्तक ई. एम. फॉर्स्टर यांचे ‘अ पॅसेज टु इंडिया’ हे आहे. इंदूरजवळच्या देवास थोरल्या पातीच्या पवार महाराजांकडे फॉर्स्टर १९२१ साली काही महिने खासगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी पाहिला, तो पुढे १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात वर्णिला, आणि १९२४ च्या या कादंबरीच्या अखेरच्या भागात तोच उत्सव निराळ्या नावाच्या संस्थानात अवतरला आहे. तिथे गोडबोले नावाचा दख्खनी ब्राह्मण भजनात रंगून नाचतो आणि तुकारामाचे नाव घेतो. इंग्रजी कादंबरीच्या दोन-सव्वादोन शतकांच्या वाटचालीत मराठी माणसाची भक्ती तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचली आहे, असे हे दुर्मिळ स्थळ होय. फॉर्स्टरला ती पुरती कळली की नाही, याविषयी दुमत होऊ शकते. ते ठरविण्याचा अधिकार मात्र माळव्यातील मराठी वाचकाइतका दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

सहा पुस्तके झाली. वर्षाला एक याप्रमाणे ती वाचली तरी मराठी वाचनाच्या वाट्यास धक्का लागत नाही. ती संपूर्ण वाचावीत. परीक्षेसाठी निघणाऱ्या सारांशांत कथानक तेवढे हाती येते आणि ज्यासाठी पुस्तक वाचावयाचे ते नेमके गळते. शंभर पाने प्रामाणिकपणे वाचूनही एखादे पुस्तक धरीत नसेल, तर ते निःसंकोच मिटावे आणि पाच वर्षांनी पुन्हा उघडावे. आणि वाचून झाल्यावर त्याविषयी मराठीत चार पाने लिहावीत. आपल्या ठिकठिकाणच्या साहित्यसंस्थांनी अशी टिपणे मागविली, वाचली आणि त्यांतील चांगली छापली, तर यापुढील यादी दुसऱ्या कोणाकडून मागण्याची वेळ आपल्या विद्यार्थ्यांवर येणार नाही.